रोल धुवायला टाकलाय!

"रोल धुवायला टाकलाय."

आपल्या आई-बाबांच्या पिढीनं हे वाक्य किती वेळा ऐकलं असेल, मोजता येणार नाही. घरात बारसं झालं, लग्न झालं, शाळेची सहल जाऊन आली की पुढचे आठ-दहा दिवस कुणीही विचारलं, "फोटो कुठायत?" की उत्तर ठरलेलं. आपल्यापैकी बहुतेकांनी हे वाक्य लहानपणी धड ऐकलंही नाही, म्हणायचं तर दूरच. आणि तरीही गेली दोन वर्षं आपल्याच हॉस्टेलमध्ये ते पुन्हा ऐकू यायला लागलंय! बी विंगमधली चार-पाच टाळकी आजोबांच्या कपाटातून काढलेले कॅमेरे गळ्यात अडकवून हिंडतात आणि फोटो मागितला की छाती फुगवून सांगतात, "थांब रे, रोल धुवायला टाकलाय!"

त्यांची टिंगल व्हायची तेवढी झाली. "हातात ५० मेगापिक्सेलचा मोबाईल असताना हे कसले भिकेचे डोहाळे?" हे त्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य. पण आता प्रकरण टिंगलीच्या पुढे गेलंय. जुन्या इमारतीत जिन्याखाली एक डार्करूम आहे. (हो, आपल्या हॉस्टेलला डार्करूम आहे. फर्स्ट इयरवाल्यांना भुताची खोली म्हणून दाखवतात ना, तीच!) ती रिकामी करून तिथं कुरिअरची पार्सलं ठेवायची, असा प्रस्ताव हॉस्टेल कमिटीपुढे आलाय. पुढच्या मीटिंगमध्ये निर्णय व्हायचाय. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझी बाजू आधीच सांगून टाकतो. ती खोली राहायला हवी. पण नुसतं 'हवी' म्हणून भागणार नाही. फिल्मवर फोटो काढण्यात आजच्या काळात एवढं आहे तरी काय, या प्रश्नाचं सरळ उत्तर द्यावं लागेल.

सुरुवात इतिहासापासून करू. १८८८ साली जॉर्ज ईस्टमननं शंभर फोटोंचा रोल आत भरूनच कोडॅक कॅमेरा विकायला काढला. रोल संपला की अख्खा कॅमेरा कंपनीकडे पाठवायचा. कंपनी फोटो छापून, नवा रोल भरून परत करायची. फोटो काढणं स्टुडिओतून उठून सामान्य माणसाच्या हातात आलं ते तिथून. आणि गंमत बघा, याच कोडॅकमध्ये १९७५ साली स्टीव्ह सॅसन नावाच्या तरुण इंजिनिअरनं डिजिटल कॅमेरा जोडून दाखवला. १०० बाय १०० पिक्सेल, म्हणजे ०.०१ मेगापिक्सेल. एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद! त्या खटपटीतून जे वाढलं त्यानं पुढे फिल्मचा धंदाच खाल्ला. २००८ मध्ये पोलरॉइडनं आपली झटपट फोटोची फिल्म बंद करायचं जाहीर केलं. १९३५ पासून चाललेली कोडाक्रोम २००९ मध्ये बंद झाली. जानेवारी २०१२ मध्ये खुद्द कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्याकडे उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना होता, १९६० साली स्थापन झालेला. 'इंदू' नावानं त्याची कृष्णधवल फिल्म मिळायची. तोही बंद पडला. गावोगावच्या कलर लॅब झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोंवर आल्या.

इथं गोष्ट संपायला हवी होती. नाही संपली. पोलरॉइडचा नेदरलँड्समधला शेवटचा कारखाना काही हट्टी माणसांनी हातात घेतला आणि फिल्म नव्यानं बनवायला शिकून घेतली. कोडॅकनं २०१२ मध्ये बंद केलेली एक्टाक्रोम २०१८ मध्ये परत आणली. २०२३ मध्ये इंग्लंडच्या हार्मन कंपनीनं फिनिक्स नावाची नवी रंगीत फिल्म काढली. त्याच वर्षी 'ओपनहायमर' आला. त्यासाठी कोडॅकनं ६५ मिलिमीटरची कृष्णधवल फिल्म खास तयार करून दिली होती. २०२४ मध्ये तर पेंटॅक्सनं चक्क नवा फिल्म कॅमेरा बाजारात आणला.

आता मित्रांनो, इंजिनिअर म्हणून विचार करा. जे तंत्र महाग आहे, संथ आहे, कमी उजेडात रडतं, चूक झाली तर दुरुस्त करू देत नाही, ते परत यायला नको. आपल्या सगळ्या पॅरामीटर्सवर ते नापास आहे. आणि तरी येतंय. म्हणजे एखादा पॅरामीटर असा आहे जो आपण मोजतच नाही आहोत. तो कोणता?

लोक म्हणतात, जुन्या दिवसांची आठवण. हे पटत नाही. बी विंगमधल्या त्या टाळक्यांचा जन्म झाला तेव्हा डिजिटल कॅमेरे येऊन काही वर्षं झाली होती. जे अनुभवलंच नाही त्याची आठवण कसली? दुसरं उत्तर, फिल्मचे रंग, फिल्मचा दाणा. हेही अर्धवटच. तसा रंग आणि तसा दाणा मोबाईलमधला फुकटचा फिल्टरही देतो, आणि चांगला देतो. मग उरतं काय?

माझ्या मते तीन गोष्टी उरतात. मोजणी, वाट पाहणं आणि देणं.

पहिली, मोजणी. रोलमध्ये फोटो ३६. आजोबांचा आग्फा क्लिक थ्री असेल तर फक्त १२! गॅदरिंगच्या रात्री आपण मोबाईलवर तीनशे फोटो काढतो आणि त्यातला एक निवडायचा कंटाळा येतो म्हणून तीनशेच्या तीनशे ग्रुपवर ओततो. निवड करायचीच राहते. फिल्मवाल्याला निवड आधी करावी लागते, बटण दाबायच्या आधी. या नाटकातला कुठला क्षण? या बाकावरचा कुठला मित्र? स्टीव्ह मकरी हे नाव आपल्याला 'अफगाण गर्ल'मुळे माहीत असतं. कोडाक्रोम बंद झाली तेव्हा कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल कोडॅकनं त्याला दिला. जगभर फिरलेला माणूस, आणि हातात फक्त ३६ फोटो. त्यातले काही त्यानं आपल्या भारतात खर्च केले, मुंबईत आणि राजस्थानात. 'खर्च केले' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. जी गोष्ट खर्च होते तिची किंमत आपोआप कळते. हे पॉकेटमनीवर जगणाऱ्या हॉस्टेलकरांना समजावून सांगायला नको!

दुसरी, वाट पाहणं. यामागची केमिस्ट्री फर्स्ट इयरला शिकवली असती तर त्या विषयात निम्म्या केट्या लागल्या नसत्या. फिल्मवर जिलेटिनच्या थरात सिल्व्हर हॅलाइडचे बारीक स्फटिक असतात. शटर उघडलं की प्रकाशामुळे काही स्फटिकांत चांदीचे जेमतेम मूठभर अणू मोकळे होतात. डोळ्याला काहीच दिसत नाही. पण फोटो तिथं असतो, सुप्त. नंतर डेव्हलपरमध्ये गेल्यावर तो अख्खा स्फटिक चांदीत बदलतो, म्हणजे त्या मूठभर अणूंची कोट्यवधी पट वाढ होते. कसला अँप्लिफायर म्हणायचा हा! आणि तोवर? तोवर फोटो आहेही आणि नाहीही.

या मधल्या काळाचा परिणाम माणसांवर होतो. मोबाईलवर ग्रुप फोटो काढला की दुसऱ्या सेकंदाला सगळा ग्रुप मोडून स्क्रीनवर झुकतो. "दाखव दाखव! माझे डोळे मिटलेत, परत काढ!" मग दुसरा, मग तिसरा, तोवर हसू आंबून जातं. फिल्मवर असं करताच येत नाही. बटण दाबलं, खट् वाजलं, संपलं. लोक परत गप्पांकडे वळतात. डोळे मिटले असतील तर मिटलेले राहतात, आणि दहा दिवसांनी त्या मिटलेल्या डोळ्यांवरच सगळ्यात जास्त हशा होतो. गेल्या वर्षीच्या ट्रेकचा एक रोल तर अख्खा कोरा निघाला. कॅमेऱ्यात फिल्म चाकावर नीट अडकलीच नव्हती. काढणारा बिचारा दोन दिवस जेवला नाही. पण त्या ट्रेकची गोष्ट आजही सगळ्यात जास्त वेळा सांगितली जाते, कारण फोटो नाहीत म्हणून सांगावीच लागते!

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. देणं.

आपण फोटो 'पाठवतो'. फिल्मवाले फोटो 'देतात'. फरक शब्दांचा वाटेल, पण नाही. एक उदाहरण सांगतो. गेल्या दिवाळीच्या आधी दुसऱ्या वर्षाच्या पोरांनी एक कृष्णधवल रोल घेतला आणि ठरवलं, यात फक्त हॉस्टेलचे कर्मचारी. छत्तीसात सगळे बसवायचे म्हणून आधी यादी केली. यादी करताना पहिल्यांदा कळलं की पहाटे टाक्या भरणाऱ्या मामांचं नाव आपल्यातल्या एकालाही ठाऊक नाही. मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या मावशींनी आधी साफ नकार दिला. "या साडीत? नको रे बाबांनो." दुसऱ्या दिवशी स्वतःच इरकल नेसून आल्या आणि परातीशेजारी उभ्या राहिल्या. दोन फ्रेम. जास्त परवडणारच नव्हत्या. त्याच जिन्याखालच्या खोलीत फोटो छापले आणि वाटले. मावशींनी हात पदराला पुसले, फोटो कडेनं धरला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझा एकटीचा हा पहिलाच."

आता सांगा, मावशींचे फोटो याआधी कुणी काढलेच नव्हते का? दर गणपतीत काढले. मोदक करताना, आरतीला, पंगतीत वाढताना. छान आलेत, ग्रुपवर टाकलेत, शंभर जणांनी अंगठे दाखवलेत. पण त्या ग्रुपमध्ये मावशी नाहीत! ज्यांचा फोटो त्यांच्याकडे सोडून बाकी सगळीकडे गेला. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पाठवणं इतकं सोपं आहे की कुणाला पाठवायचं हा विचारच करावा लागत नाही. छापलेला फोटो मात्र एकच असतो आणि तो हातात घेऊन कुणाकडे तरी चालत जावं लागतं. मी ज्या न मोजलेल्या पॅरामीटरबद्दल बोलतोय तो हा.

आणि तो फोटो टिकतो. गेटवरच्या वॉचमन मामांच्या केबिनमध्ये खिळ्याला एक जुना फोटो लटकलेला आहे, पाहिलाय का? नव्वदच्या दशकातल्या एका बॅचनं याच डार्करूममध्ये छापलेला. मागे पेनानं सगळ्यांची नावं आहेत. त्या बॅचची माणसं कधी कॉलेजला आली की आधी केबिनमध्ये जातात आणि स्वतःला शोधतात. आपल्या बॅचचे फोटो पंचवीस वर्षांनी कोण आणि कुठे शोधणार? कुठल्या मोबाईलमध्ये, कुठल्या विसरलेल्या पासवर्डमागे?

निगेटिव्ह ही वस्तू आहे, हे विसरू नका. १९६९ मध्ये अपोलो ११ चे अंतराळवीर परत निघाले तेव्हा वजन वाचवायला चंद्रावर वापरलेल्या कॅमेऱ्याची बॉडी त्यांनी तिथंच ठेवली आणि फिल्म तेवढी काढून आणली. शिकागोजवळ मुलं सांभाळण्याचं काम करणाऱ्या व्हिव्हियन मायर या बाईंनी आयुष्यभर रस्त्यावरचे फोटो काढले आणि जवळजवळ कुणालाच दाखवले नाहीत. २००७ मध्ये त्यांच्या सामानाचा लिलाव झाला आणि खोक्यांतून निगेटिव्ह बाहेर पडल्या. सगळ्या मिळून एक लाखाच्या वर! आज जगभर त्यांची प्रदर्शनं भरतात. निगेटिव्हला पासवर्ड नसतो. उजेडाकडे धरली की झालं.

आता विरोधी बाजू. ती ऐकल्याशिवाय मत मांडणं म्हणजे व्हायवाला एकच प्रश्न पाठ करून जाणं.

पहिला आक्षेप, पैसे. खरा आहे. रंगीत रोल, डेव्हलपिंग आणि स्कॅनिंग मिळून हजार रुपये सहज उडतात. पण कृष्णधवलला शंभर फुटांची फिल्म एकदम घेता येते आणि त्यातून छत्तीसचे साधारण अठरा रोल निघतात. डेव्हलपिंग आपण स्वतः केलं तर खर्च आणखी उतरतो. अठरा रोल म्हणजे सहाशेच्या वर फोटो. एका विंगला वर्षाला दोन रोल धरले तरी वर्गणी टपरीवरच्या महिन्याच्या उधारीपेक्षा जास्त येणार नाही.

दुसरा आक्षेप, प्रदूषण. हाही खरा. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते, तो तसाच गटारात सोडणं चूक आहे. पण तो कॅनमध्ये साठवून त्यात लोखंडी कीस टाकला तर लोखंड विरघळतं आणि चांदी खाली बसते. बारावीची डिस्प्लेसमेंट रिअॅक्शन! केमिस्ट्री लॅबच्या सरांच्या देखरेखीखाली हे सहज करता येईल, आणि मागे उरलेल्या पाण्याचं लॅबच्या बाकी कचऱ्याबरोबर काय ते करता येईल.

तिसरा आक्षेप सगळ्यात टोचणारा. "शेवटी स्कॅन करून मोबाईलवरच टाकता ना?" टाकतात. पेंटॅक्सच्या त्या नव्या कॅमेऱ्यात फोटोसुद्धा मोबाईलसारखा उभा येतो, ते उगीच नाही. फिल्मचं निव्वळ फॅशन म्हणून मिरवणं मलाही खटकतं. पण म्हणूनच तर डार्करूम हवी! खोली नसेल तर रोल बाहेरच्या लॅबला जाणार, तिथून स्कॅन येणार, आणि फिल्म म्हणजे फक्त महागडा फिल्टर उरणार. कागदावर छापायची सोय असेल तरच देण्याची गोष्ट शिल्लक राहील.

आणि शिकण्याचं काय? अमेरिकेत रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९९५ साली एका प्राध्यापकांनी वर्गातल्या मुलांबरोबर इन्स्टंट कॉफी आणि धुण्याचा सोडा यांपासून डेव्हलपर बनवला. कॅफेनॉल म्हणतात त्याला, आणि तो खरंच चालतो. कॉफी पिऊन सबमिशनं लिहिणाऱ्या आपल्या जमातीला याहून योग्य प्रयोग कोणता? फिल्म टाकीत भरायची ती पूर्ण अंधारात, नुसत्या बोटांच्या अंदाजानं. तो प्रसिद्ध लाल दिवा फक्त कागद छापताना चालतो. साध्या कृष्णधवल डेव्हलपरला २० अंशांच्या आसपास तापमान लागतं आणि आपल्याकडे मे महिन्यात नळालाच गरम पाणी येतं. म्हणजे मेसमधून बर्फ मागून बादलीत टाकी बसवा, थर्मामीटर धरून बसा. हा हीट ट्रान्सफरचा प्रॅक्टिकल नाही तर काय? एन्लार्जर दुप्पट वर नेला तर उजेड चौपट विरळ का होतो, हे तिथं एकदा हातानं केलं की जन्मात विसरणार नाही.

रेक्टर सरांची अडचण मी समजू शकतो. पार्सलांचा ढीग गेटवर पडतो, पावसात भिजतो, चुकीच्या माणसाकडे जातो. जागा हवीच. पण पार्सलाला अंधार लागत नाही आणि पाण्याचा नळही लागत नाही. टीटी रूमच्या कोपऱ्यात दोन लोखंडी रॅक ठेवले तर ते काम होईल. बिनखिडकीची, आत नळ आणि बेसिन असलेली, एन्लार्जर अजून चालू असलेली खोली मात्र एकदा मोडली की परत कुणी बांधणार नाही.

म्हणून कमिटीपुढे ठेवायला चार साध्या गोष्टी सुचवतो. एक, खोली एका वर्षासाठी फोटोग्राफी क्लबच्या ताब्यात द्यावी, किल्ली ऑफिसात, वापराची नोंद वहीत. दोन, दर विंगनं वर्षाला किमान एक रोल काढावा. तीन, ज्याचा फोटो त्याला त्याची प्रत हातात मिळालीच पाहिजे, आणि यात मामा-मावशी सगळ्यात आधी. चार, निगेटिव्ह नावानिशी आणि वर्षानिशी लायब्ररीत ठेवाव्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून, नाहीतर पावसाळ्यात बुरशी फिल्मला खाते. वर्षभरानंतर खोली धूळ खात पडलेली दिसली तर पार्सलं खुशाल आत रचा, मी स्वतः उचलू लागेन!

मीटिंगच्या आधी आपापल्या विंगच्या प्रतिनिधीला गाठा आणि तुमचं मत सांगा. पटत नसेल तर तेही सांगा. आणि निदान एवढं करा, गणपतीतला मावशींचा नाहीतर मामांचा जो फोटो तुमच्या मोबाईलमध्ये आहे, तो कोपऱ्यावरच्या स्टुडिओतून छापून आणा आणि त्यांच्या हातात द्या. दहा-वीस रुपयांचं काम आहे. त्यानंतरही 'फिल्मवाल्यांचं खूळ' म्हणावंसं वाटलं, तर खुशाल म्हणा.

— अंतिम वर्ष, मेकॅनिकल